व्हाईट टाऊन म्हणणं आता थांबवूया

पाँडिचेरीला जाऊन आलेला जवळपास प्रत्येकजण एक वाक्य बोलतोच, "अगदी फॉरेनला गेल्यासारखं वाटतं." पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पण घरी येऊन हेच सांगितलं होतं, आणि मनापासून सांगितलं होतं. संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता गाड्यांना बंद होतो आणि मग अख्खं शहर तिथे उतरतं. चेन्नई-बंगळुरूहून वीकेंडला आलेली पोरंपोरी, गजरे माळून आलेल्या तमिळ बायका, सुंडल विकणारे, फुगेवाले, गांधीजींच्या पुतळ्यापाशी पळापळी करणारी लहान मुलं, आणि एका बाजूला काळ्या दगडांवर आपटणाऱ्या लाटा. समुद्राकाठी एवढ्या निवांतपणे हजारो माणसं चालतायत हे दृश्य आपल्या देशात फार कमी ठिकाणी दिसतं. त्यामुळे सुरुवातीलाच सांगतो, मला हे शहर आवडतं, मी तिथे तीनदा गेलोय आणि पुन्हा जाणार आहे, आणि पर्यटकांवर डाफरायला मी हे लिहीत नाहीये.

पण तिसऱ्या वेळी एक गोष्ट फार खटकली. आम्ही ज्या वॉकिंग टूरला गेलो होतो तिथला मुलगा दोन तास आम्हाला पिवळ्या भिंती, पांढऱ्या कमानी, बोगनवेली आणि फोटो काढायचे कोपरे दाखवत होता, आणि दर दोन वाक्यांनंतर "व्हाईट टाऊन, व्हाईट टाऊन" म्हणत होता. तो स्वतः तमिळ, कॅनॉलच्या पलीकडे राहणारा. मी त्याला विचारलं की व्हाईट का म्हणतात, तर म्हणाला भिंती पांढऱ्या आहेत म्हणून. त्याची चूक नाहीये, त्याला कोणी वेगळं सांगितलंच नसेल. पण भिंतींचा रंग हे कारण नाही. माणसांच्या कातडीचा रंग हे कारण आहे.

फ्रेंचांच्या काळात या शहराचे सरळ सरळ दोन भाग होते. एकाचं नाव व्हिल ब्लांश, म्हणजे गोरं शहर, समुद्राकडचं. दुसऱ्याचं व्हिल न्वार, म्हणजे काळं शहर, आतल्या बाजूचं, आणि मधोमध कॅनॉल, जो आज खरंतर एक मोठा सिमेंटचा नाला झालाय. समुद्राची हवा, कचेऱ्या, गव्हर्नरचा वाडा सगळं अलीकडे आणि ज्यांच्या कष्टावर ते चालायचं ती माणसं पलीकडे. ही नावं जोडीनेच जन्मली, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थच नव्हता. आता गंमतीची नाही, विचार करण्यासारखी गोष्ट ही की या जोडीतलं दुसरं नाव आज कुठल्याही हॉटेलच्या जाहिरातीत दिसत नाही, कारण ब्लॅक टाऊन म्हटल्यावर सगळ्यांनाच ते लागेल, दुखेल. मग पहिलं नाव का दुखत नाही? नकाशावर, बुकिंगच्या ॲपवर, रील्सवर, पर्यटनाच्या जाहिरातीत सगळीकडे व्हाईट टाऊन. १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रेंचांनी कारभार सोडला, १६ ऑगस्ट १९६२ ला कायद्यानेही हस्तांतर झालं, २००६ मध्ये शहराला पुदुच्चेरी हे स्वतःचं नाव परत मिळालं, पुदु चेरी म्हणजे नवी वस्ती, आणि तरी त्याच शहराच्या सगळ्यात देखण्या भागाला आपण आज आनंदाने गोऱ्यांची वस्ती म्हणतोय आणि तिथे राहायला जास्त पैसे मोजतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे नाव सरकारने आणि आपण सगळ्यांनी वापरणं सोडावं, आणि नावाबरोबर ती गोष्ट पण सोडावी जी या नावाच्या आधाराने विकली जाते, की हे म्हणजे भारतातलं एक छोटं फ्रान्स आहे. हे छोटं फ्रान्स कधीच नव्हतं. हे बंदर होतं, वखार होती, कापडाची पेठ होती.

कापडापासूनच सुरू करतो कारण मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी हादरलो होतो. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ मध्ये निघाली आणि १६७३-७४ च्या सुमारास त्यांना विजापूरच्या बाजूने इथला सुभा सांभाळणाऱ्या शेरखान लोदीकडून ही जागा मिळाली. फ्रांस्वा मार्टिन नावाच्या कंपनीच्या माणसाने इथे बस्तान बसवलं. ते इथे कशासाठी आले, तर कोरोमंडलच्या किनाऱ्यावरच्या कापडासाठी. विणकर जवळ हवेत म्हणून त्यांना बोलावून वसवलं गेलं. आणि या कापडातलं सगळ्यात प्रसिद्ध कापड म्हणजे निळीत बुडवून काढलेलं गर्द निळं सुती कापड, ज्याला फ्रेंच लोक गिनी म्हणायचे. गिनी का, तर ते जायचं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. अठराव्या शतकात भारतीय कापडाच्या बदल्यात त्या किनाऱ्यावर माणसं विकत घेतली जायची, गुलाम म्हणून. एकोणिसाव्या शतकात हेच निळं कापड सेनेगल नदीच्या काठावर डिंकाच्या बदल्यात दिलं जायचं, तिथे या कापडाच्या ठाणांवर अक्षरशः चलनासारखा हिशोब व्हायचा, आणि तो डिंक युरोपात जाऊन कापडावर छपाई करायच्या कारखान्यांना लागायचा. म्हणजे इथल्या एखाद्या गावातल्या विणकराने विणलेलं, रंगाऱ्याने कोपरापर्यंत हात निळे करून रंगवलेलं कापड तीन खंड जोडत होतं आणि त्याला त्यातलं काही माहीत असायची शक्यता नाही.

आणि नुसतं कापडच गेलं नाही. माणसंही गेली. १७४३ च्या सुमारास लोकांना फूस लावून, पळवून, जहाजात भरून हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवर विकणाऱ्या टोळीची हकिगत इथल्याच एका माणसाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलीये, त्या माणसाबद्दल पुढे बोलतो. १८४८ मध्ये फ्रान्सने आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी बंद केली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडले आणि मग पाँडिचेरी आणि कारैकालच्या बंदरातून करारावर बांधलेले मजूर रियुनियन, मार्टिनिक, ग्वादलुपला पाठवायला सुरुवात झाली. आज त्या बेटांवर तमिळ वंशाचे हजारो लोक आहेत, देवळं आहेत, बिघडलेल्या उच्चारातली तमिळ आडनावं आहेत. ज्या प्रोमेनेडवर आपण आइस्क्रीम खात फिरतो त्या किनाऱ्यावरून ती माणसं होड्यांमध्ये बसली. या शहराला नैसर्गिक बंदर नव्हतंच, जहाजं लांब खोल पाण्यात थांबायची आणि मसुला नावाच्या, फळ्या दोरीने शिवलेल्या होड्यांमधून इथले मच्छीमार लाटा कापत माल आणि माणसं ने-आण करायचे. १८६६ मध्ये लोखंडी धक्का झाला, तो १९५२ च्या वादळात गेला, त्याचे काही खांब अजून पाण्यात उभे दिसतात. सूर्योदयाला त्या खांबांचे फोटो काढायला गर्दी असते, मी पण काढलेत. पण त्या धक्क्यावरून काय आणि कोण गेलं हे सांगणारं काही मला तिथे फिरताना दिसलं नाही.

आता आपल्या, म्हणजे मराठी माणसाच्या जवळचा भाग. आपल्याकडून पाँडिचेरीला जाणाऱ्यांपैकी फार कमी जणांना माहीत असतं की या शहराच्या जन्मकथेत आपण आहोत, आणि नुसते लढणारे म्हणून नाही तर परवानगी देणारे म्हणून आहोत. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, जिंजी घेतली, शेरखान लोदीचा पराभव केला. ज्याने जागा दिली तोच पडला म्हटल्यावर मार्टिनची झोप उडाली असणार. त्याने महाराजांकडे वकील पाठवला. तो छावणी बघून आला आणि त्याने जे सांगितलं ते मार्टिनच्या आठवणींमध्ये आहे, की छावणीत कसला थाटमाट नाही, बायका नाहीत, सामानसुमान नाही, जाड्याभरड्या कापडाचे दोन तंबू फक्त. फ्रेंचांना इथे राहू दिलं गेलं, आमच्या शत्रूला सामील होऊ नका या बोलीवर. पुढे राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९३ मध्ये, वलंदेजांनी म्हणजे डचांनी पाँडिचेरी फ्रेंचांकडून हिसकावून घेतली आणि तहानंतर १६९९ मध्ये परत केली. आणि हे पण सांगायला हवं की ज्या सरळ रेषेतल्या रस्त्यांना आपण फ्रेंच टाऊन प्लॅनिंग म्हणून वाखाणतो ती आखणी त्या सहा वर्षांत वलंदेजांनी केली, फ्रेंचांनी नंतर तीच पुढे नेली.

या सगळ्याच्या मागे एक राजकारणाचा प्रश्न होता आणि तो आपल्या माणसांना कळला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, टोपीकरांवर म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांवर स्वतंत्र मजकूर आहे, त्यात फरांसिस म्हणजे फ्रेंच पण आहेत. अमात्यांचा मुद्दा असा की हे बाकीच्या सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे उभे आहेत, म्हणून वखारीला जागा मागितली तर समुद्राच्या किनारी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये. तीनशे वर्षांपूर्वी लिहिलंय हे. व्यापारी आणि सत्ता यातलं अंतर किती कमी असतं हे ज्या माणसाने राजाराम महाराज जिंजीत असताना इकडे महाराष्ट्रातला कारभार सांभाळला त्याने लिहिलंय. मला तर वाटतं पाँडिचेरीच्या किनाऱ्यावर उभं राहून हे आठवलं पाहिजे, कारण अमात्यांना ज्याची भीती वाटत होती ते तिथे डोळ्यांसमोर आहे, समुद्राच्या काठावर दिलेली वखार आणि पुढच्या सत्तर वर्षांत त्या वखारीचं झालेलं राज्य. १७५० मध्ये फ्रेंचांनी जिंजीच घेतली. आज गांधीजींच्या पुतळ्याभोवती जे उंच कोरीव दगडी खांब उभे आहेत ते जिंजीहून आणलेले आहेत असं सांगतात. रोज संध्याकाळी लोक त्या खांबांना टेकून सेल्फी काढतात. आम्ही पण पहिल्या दोन्ही वेळी टेकलो होतो, काही माहीत नसताना.

आता त्या रोजनिशीवाल्या माणसाबद्दल. आनंद रंग पिल्लई, जन्म १७०९. गव्हर्नर डुप्लेचा दुभाष, म्हणजे दोन भाषा जाणणारा, पण काम भाषांतराच्या कितीतरी पलीकडचं, कंपनीसाठी व्यापारी गोळा करणं, कर्ज उभं करणं, दरबाराच्या खबरा काढणं, सगळं. १७३६ पासून जवळपास पंचवीस वर्षं हा माणूस तमिळमध्ये रोजनिशी लिहीत होता. जहाज कधी आलं, कापडाचा भाव काय, कोणी लाच खाल्ली, गव्हर्नर कोणावर ओरडला. आपल्या देशातल्या एका माणसाने कंपनीच्या पोटात बसून कंपनी कशी चालते हे रोजच्या रोज लिहून ठेवलंय, याहून मोठा खजिना कोणता असणार? आणि तो फक्त फ्रेंचांचेच दोष लिहीत नाही, १७४५ मध्ये चर्चमधली एक भिंत पाडण्यावरून झालेला वाद त्यात आहे, उच्च जातीचे ख्रिश्चन आणि दलित ख्रिश्चन यांनी वेगवेगळं बसावं म्हणून बांधलेली भिंत. म्हणजे गोरे-काळे ही एकच रेघ या शहरात नव्हती, पलीकडच्या भागात आपल्या स्वतःच्या रेघा होत्याच, आणि त्या लपवून फक्त फ्रेंचांना झोडणंही खोटेपणाचं होईल. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, आणि १६ जानेवारीला इंग्रज पाँडिचेरीत शिरले. त्याच महिन्यात पिल्लई गेले. इंग्रजांनी किल्ला आणि गोऱ्या शहरातल्या इमारती पाडून सपाट केल्या, फ्रेंच १७६५ मध्ये परत आले ते ढिगाऱ्यावर. त्यामुळे आज जुनं फ्रेंच शहर म्हणून आपण जे बघतो ते बहुतेक त्यानंतरचं बांधकाम आहे. पिल्लईंचा वाडा मात्र त्याच्या आधीचा, खाली लाकडी खांबांचा तमिळ पद्धतीचा आणि वर फ्रेंच वळणाचा, कॅनॉलच्या पलीकडे बाजाराजवळ अजून उभा आहे. मी तिथे पोचलो तेव्हा त्या गल्लीत एकही पर्यटक नव्हता, दोन मिनिटांवर गूबेर मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, अरे पण माणूस चार दिवस सुट्टीला जातो, त्याला समुद्र बघू दे, कॉफी पिऊ दे, गुलामगिरीचे धडे कशाला? हा प्रश्न मला योग्य वाटतो, उडवून लावण्यासारखा नाही. शहराचं पोट आज बऱ्याच प्रमाणात पर्यटनावर आहे. ज्या कॅफेत आपण बसतो तिथे काम करणारी जी पोरं माझ्याशी बोलली ती सगळी पलीकडच्या वस्त्यांमधली किंवा आजूबाजूच्या गावातली होती आणि त्यांना या गर्दीतूनच पगार मिळतो. अजून एक, त्या पिवळ्या इमारती टिकल्या त्यात पर्यटनाच्या पैशाचा वाटा आहे, नाहीतर बिल्डरने कधीच मजले चढवले असते. हे मला मान्य आहे. पण इतिहास सांगितला तर गर्दी कमी होईल हे कुठून आलं? लोक रायगडावर जातात तेव्हा भाकरी-पिठलं पण खातात आणि गाईडचं बोलणं पण ऐकतात. रस असतो माणसाला, फक्त कोणीतरी नीट सांगावं लागतं. आमच्याबरोबर आलेला एक मित्र, ज्याला इतिहास म्हटलं की झोप येते, तो निळ्या कापडाची गोष्ट ऐकून रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर सेनेगलबद्दल वाचत बसला होता.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. फ्रेंच हा इथल्या काही लोकांच्या स्वतःच्या जगण्याचा भाग आहे. १९६२ नंतर लोकांना नागरिकत्व निवडायची मुभा होती, काही तमिळ कुटुंबांनी फ्रेंच नागरिकत्व ठेवलं, त्यांचे लोक फ्रेंच सैन्यात होते, पेन्शन येते, फ्रान्सच्या निवडणुकीत ते इथून मत देतात. प्रोमेनेडवरच्या युद्धस्मारकाला १४ जुलैच्या सुमारास रोषणाई होते तेव्हा ते त्यांच्यासाठी परक्या देशाचं स्मारक नसतं. त्यांच्याकडून ते काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. रस्त्यांची फ्रेंच नावं राहू द्या, शाळेत फ्रेंच शिकवा, ब्रेड खा. पण नीट बघितलं तर ही कुटुंबं पण बहुतेक पलीकडच्याच भागातली, तमिळ. म्हणजे फ्रेंचपणाची खरी जिवंत गोष्ट सुद्धा त्या पिवळ्या भिंतींच्या सेटवर नाहीये. व्हाईट टाऊन हे नाव त्यांचाही अपमान करतं.

आणि मग मिल. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. कापडाचा धंदा हातमागावरून मिलमध्ये गेला आणि पाँडिचेरी गिरण्यांचं गाव झालं, सावाना, रोडिए, गेब्ले. आपल्या गिरणगावाशी ज्याचं नातं आहे त्याला हे लगेच भिडेल. ३० जुलै १९३६ ला संपावर असलेल्या सावाना मिलच्या कामगारांवर फ्रेंच सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, १२ कामगार मेले. व्ही. सुब्बय्या हे त्यांचे पुढारी. त्या रक्ताच्या दबावामुळे १९३७ मध्ये फ्रेंच सरकारला आठ तासांच्या कामाचा दिवस आणि युनियन करायचा हक्क मान्य करावा लागला. ही साधी गोष्ट नाहीये, आशियात हे सगळ्यात आधी इथे झालं असं तिथले कामगार अभिमानाने सांगतात. आणि पुढे फ्रेंच गेले ते पण याच चळवळीच्या रेट्यामुळे, १८ ऑक्टोबर १९५४ ला कीळूर नावाच्या गावात लोकप्रतिनिधींचं मतदान झालं आणि १७८ पैकी १७० जणांनी भारतात यायच्या बाजूने कौल दिला. रोडिए मिल, जी पुढे अँग्लो फ्रेंच टेक्स्टाईल्स म्हणजे एएफटी झाली, ती १८९८ ची, ती २०११ च्या थाने वादळात मोडकळीला आली आणि २०२० मध्ये कायमची बंद झाली. मी रिक्षावाल्याला तिथे न्यायला सांगितलं तर त्याने आधी माझ्याकडे वळून बघितलं, मग म्हणाला, माझे वडील तिथे होते. पुढे सगळा रस्ता तो तुटक हिंदीत बोलत राहिला, भोंगा कधी व्हायचा, दिवाळीला बोनस मिळाला की घरी काय आणायचे. दोन तासांच्या वॉकिंग टूरमध्ये मला जे कळलं नव्हतं ते त्या पंधरा मिनिटांत कळलं.

समुद्रकिनाऱ्यावरची जुनी महापालिकेची इमारत, जिला फ्रेंचमध्ये मेरी म्हणतात, नोव्हेंबर २०१४ च्या पावसात कोसळली. ती जशीच्या तशी पुन्हा बांधली, २०२१ मध्ये उघडली, छान बांधलीये, बघून बरं वाटतं. म्हणजे इच्छा असली की होतं. मग त्याच इच्छेने मिलच्या जागेत कापडाचं संग्रहालय का होऊ नये? नीळ, हातमाग, गिनी कापड, सेनेगल, कराराचे मजूर, १९३६ चा गोळीबार, सगळं एका छताखाली, आणि गाईड म्हणून मिलमध्ये ज्यांनी काम केलंय तीच माणसं, ती अजून आहेत तोवर. तमिळ भागातली जुनी घरं, समोर ओसरी, तिला तिकडे तिण्णै म्हणतात, वाटसरूला टेकायला ठेवलेली, ती एकेक करून पडतायत. वैश्याळ स्ट्रीटवर काही घरं नीट केली तर २००८ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, म्हणजे तेही जमतं. शहराच्या दक्षिणेला अरिकमेडू आहे, जिथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलरने उत्खनन केलं आणि रोमन भांडी, द्राक्षाच्या दारूचे रांजण निघाले. दोन हजार वर्षांपूर्वीपासून या किनाऱ्यावर व्यापार चाललाय, फ्रेंचांचा काळ हा त्यातला शेवटचा तुकडा. आम्ही गेलो तेव्हा तिथे आंब्याची झाडं, पडक्या भिंती आणि शांतता होती.

समुद्राचंही तेच. आपण ज्याला रॉक बीच म्हणतो तिथे पूर्वी वाळू होती. १९८० च्या दशकात दक्षिणेला बंदरासाठी समुद्रात बांध घातले, १९८९ च्या सुमारास ते पूर्ण झाले, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत येणारी वाळू तिथेच अडली आणि उत्तरेचा किनारा समुद्राने खाल्ला. शहर वाचवायला दगड टाकले. पण दगड जिथे संपतात तिथे वैत्तिकुप्पम, मच्छीमारांची वस्ती, होड्या ओढायला वाळू नाही, आणि दगडांची भिंत जसजशी उत्तरेला वाढली तसतसं पुढच्या गावांचा किनारा गेला. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी पाण्याखाली एक मोठा बांध टाकला आणि शहरासमोर पुन्हा थोडी वाळू आली, चांगलं झालं. पण वाळू कुठे आली ते पण बघा, कचेऱ्या आणि हॉटेलांसमोर. ज्यांच्या आजे-पणज्यांनी मसुला होड्या चालवून हे बंदर चालवलं त्यांच्या दारात दगडच आहेत.

म्हणून सरकारकडे मागणं एवढंच, की पर्यटन खात्याने आपल्या कागदावरून, बोर्डावरून, जाहिरातीतून व्हाईट टाऊन हे शब्द काढावेत, समुद्राकडचा भाग म्हणा, फ्रेंचकालीन भाग म्हणा, बुलेवार म्हणा, तिथले जुने लोक तसंही म्हणतातच. धक्क्याच्या खांबांसमोर एक पाटी लावा, तमिळ, फ्रेंच, इंग्रजी, हिंदीत, की इथून काय गेलं. गाईडना दोन आठवड्यांचं शिक्षण द्या. यात फार मोठा खर्च नाहीये. आणि आपण जाणाऱ्यांनी निदान एक सकाळ कॅनॉलच्या पलीकडे द्यावी, हॉटेल बुक करताना पलीकडच्या भागातली जुनी तमिळ घरं पण बघावीत, गाईडला विचारावं की बाबा पिल्लईंचा वाडा दाखव, मिल दाखव. गिऱ्हाईकाने विचारलं की पुढच्या महिन्यात ते टूरमध्ये येतं.

पुढच्या वेळी आम्ही उलटं करणार आहोत. आधी जिंजी. २०२५ मध्ये ती आपल्या बाकीच्या अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा झाली, आता मराठी माणसांचा ओघ तिकडे वाढेलच. सकाळी तिथली राजगिरी टेकडी चढायची, मग तिंडिवनमवरून बसने सत्तर किलोमीटर खाली समुद्राकडे यायचं, तुकड्या-तुकड्याने कापडाचे गठ्ठे बैलगाडीने ज्या दिशेने जायचे त्याच दिशेने, शहरात पश्चिमेकडून शिरायचं, मिलवरून, बाजारातून, पिल्लईंच्या गल्लीतून, आणि कॅनॉल ओलांडून अगदी शेवटी, संध्याकाळी, त्या खांबांपाशी पोचायचं. त्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवलाय.